घाटातल्या धुक्यासाठी जादा दिवे बसवताना

बारसगाव फाट्यावरून शिवथरघळीकडे वळलं की भर पावसाळ्यात दुपारीही धुकं आडवं येतं. वरंध, आंबेनळी, कशेडी, कुठल्याही घाटात तेच. हेडलाइटचा वरचा झोत टाकला तर उजेड धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांत येतो. म्हणून हेडलाइटच्या खाली, बंपरवर फॉगलाइट लावतात. दिवे बसवायला दोन बोल्ट पुरतात. गाडीला आग लागते ती वायरिंगच्या चुकांनी. म्हणून आपण वायरिंगचंच सविस्तर पाहू.

आधी हिशोब. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ते सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. त्यासाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज घ्यावा. एलईडी दिवे कमी प्रवाह घेतात, त्यांना त्या मानाने लहान फ्यूज लागतो. पण फ्यूज हवाच.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवावी. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलो आणि पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी उडते.

आता रिले. रिले म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारी डबी. तिच्या ३० क्रमांकाच्या पिनला बॅटरीची वायर येते, ८७ वरून दिव्याकडे जाते. ८५ आणि ८६ यांपैकी एक बॉडीला, दुसरी डॅशबोर्डवरच्या स्विचला. दिव्यांचा सगळा भार थेट साध्या स्विचवरून नेला तर स्विच तापतो, वितळतो. स्विचला वीज चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या वायरवरून द्यावी, म्हणजे दिवे चुकून रात्रभर जळत राहून बॅटरी उतरणार नाही.

फ्यूज कुठे लावायचा, इथे फार जण चुकतात. तो दिव्यापाशी लावून उपयोग नाही. बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, कारण त्याच्या अलीकडची वायर घासली तर तिला वाचवणारं काहीच नसतं. आणि फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागी तार गुंडाळू नये. तो का उडाला, ते शोधावं.

वायर इंजिनकडून केबिनमध्ये नेताना पत्र्याच्या भोकात रबरी बूच बसवावंच. घाटरस्त्याच्या हादऱ्यांनी उघड्या पत्र्याची धार वायरचं आवरण काही महिन्यांत कापते. बाहेरच्या वायरी नालीदार प्लॅस्टिक नळीत घालून केबल टायने बांधाव्यात. सायलेन्सर आणि फिरत्या पट्ट्यापासून त्या लांब हव्यात.

जोड पिळून, वर टेप गुंडाळून भागवू नये. कोकणच्या पावसात त्यात पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं. दाबून बसवायचे लग वापरावेत, वर तापवून आक्रसणारी नळी चढवावी. जोडाच्या अलीकडे वायर थोडी खाली झुकती ठेवली की पाणी तिथूनच गळून जातं. रिले शक्य तितका उंच आणि पिना खाली करून बसवावा.

दिवे मिणमिणले तर आधी अर्थिंग पाहावं. बॉडीवरचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडून बोल्ट आवळावा, मग वरून ग्रीस लावावं.

शेवटी दिवे पाऊण तास चालू ठेवून फ्यूजची खोबण, रिले, जोड हाताने चाचपावेत. हाताला चटका बसेल इतकं गरम लागलं तर तिथला जोड सैल आहे किंवा वायर बारीक आहे. ते दुरुस्त केल्याशिवाय घाटात गाडी काढू नये.