यंत्रांच्या अंतरंगात (लेखांक ६) : प्रोसेसरचा वेग आणि बॅटरीचे तास

हातात धरून खेळायच्या गेम कन्सोलमध्ये विजेचा साठा ठरलेला असतो. टीव्हीला जोडलेला कन्सोल भिंतीतल्या प्लगमधून हवी तेवढी वीज घेतो. हातातल्या कन्सोलला मात्र बॅटरीतली वीज पुरवून वापरावी लागते. म्हणून अशा यंत्राच्या रचनेत प्रोसेसर किती वेगवान आहे यापेक्षा तो कोणत्या क्षणी किती वेगाने चालवायचा, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

प्रोसेसरचा क्लॉक-वेग मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला चिपमधले असंख्य ट्रान्झिस्टर चालू-बंद होतात आणि त्यात वीज खर्च होते. हा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो, तसाच व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढतो. ठराविक मर्यादेपुढे वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते आणि खर्चाला दोन्हीकडून भर पडते. उलट दिशेने हाच नियम लाभाचा ठरतो. वेग २० टक्क्यांनी उतरवला आणि त्यामुळे व्होल्टेज १० टक्क्यांनी कमी करता आले, तर खर्च ०.८ × ०.९ × ०.९, म्हणजे सुमारे ०.६५ पट होतो. वेग पाचव्या हिश्श्याने घटतो, पण या कामाची वीज तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाचते.

अर्थात प्रोसेसर हा एकटाच खर्चिक भाग नसतो. निन्टेन्डोचा गेम बॉय १९८९ मध्ये आला. गुन्पेई योकोई या अभियंत्याच्या चमूने त्यासाठी साधा ८ बिटांचा प्रोसेसर आणि मागे दिवा नसलेला, चार छटांचा पडदा निवडला. चार पेन्सिल सेलवर तो १५ तास सहज चाले. पुढच्याच वर्षी आलेल्या सेगाच्या गेम गिअरचा प्रोसेसर ३.५८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे गेम बॉयच्या ४.१९ मेगाहर्ट्झपेक्षा संथच होता. तरीही त्याचे सहा सेल तीन ते पाच तासांत संपत, कारण रंगीत पडद्यामागचा दिवाच बरीचशी वीज खाई. गेम बॉयच्या प्रोसेसरला ‘थांब’ सांगणारी एक आज्ञाही होती. एका चित्राचे काम आटोपले की पुढच्या चित्राची वेळ होईपर्यंत प्रोसेसर त्या आज्ञेने विसावे आणि तेवढी वीज वाचे.

पुढच्या पिढीत वेग गरजेनुसार बदलता येऊ लागला. दक्षिण कोरियात २००१ मध्ये आलेल्या जीपी३२ या कन्सोलमध्ये प्रोग्रॅमलाच क्लॉक-वेग कमी-जास्त करता येई. सोनीच्या पीएसपीचा (२००४) प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत चालण्याजोगा होता, पण सुरुवातीला गेमना २२२ मेगाहर्ट्झचीच मर्यादा घातलेली होती. २००७ च्या सॉफ्टवेअर-सुधारणेनंतर ती उठली. मग ज्या गेमला खरोखर गरज होती, त्याने पूर्ण वेग घ्यावा आणि त्याची किंमत बॅटरीतून चुकवावी, अशी व्यवस्था झाली.

निन्टेन्डो स्विचने (२०१७) हा तोल दोन अवस्थांमध्ये विभागला. टीव्हीला जोडलेला असताना त्याचा चित्रप्रोसेसर ७६८ मेगाहर्ट्झने चालतो. हातात असताना साधारणपणे ३०७ ते ३८४ मेगाहर्ट्झने. खेळाचे नियम आणि हालचाली सांभाळणाऱ्या मुख्य प्रोसेसरचा वेग दोन्हीकडे तोच राहतो, त्यामुळे खेळ बदलत नाही. हातातला पडदा ७२० ओळींचा असल्याने १०८० ओळींच्या चित्राच्या निम्म्याहूनही कमी बिंदू रंगवावे लागतात आणि कमी वेग पुरतो. २०१९ मध्ये त्याच क्षमतेची बॅटरी ठेवून चिप अधिक सूक्ष्म तंत्राने बनवली गेली. मुख्यतः त्यामुळे कंपनीने सांगितलेला वापराचा अवधी अडीच ते साडेसहा तासांवरून साडेचार ते नऊ तासांवर गेला.

स्टीम डेकमध्ये (२०२२) हा निर्णय खेळणाऱ्याच्या हाती आला. त्याच्या चिपचा खर्च ४ ते १५ वॉटच्या दरम्यान राहतो आणि त्याची वरची मर्यादा खेळणाऱ्याला घालून देता येते. सेकंदाला किती चित्रे हवीत, तेही निवडता येते. ६० चित्रांसाठी प्रत्येक चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात, तर ३० चित्रांसाठी ३३.३. बरोबर मधला अवधी २५ मिलिसेकंदांचा, म्हणजे ४० चित्रांचा. म्हणूनच ४० चित्रांवर हालचाल ३० पेक्षा बरीच सफाईदार दिसते आणि वीज ६० पेक्षा कमी लागते.

याचा हिशेब येवल्याच्या एका प्रवाशापुरता मांडता येतो. येवल्याहून मनमाड गाठून मुंबईची गाडी धरली, तर पुढचा प्रवास साधारण साडेचार तासांचा. पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॉट-तासांची आहे. जड गेमने पडद्यासह एकूण २० वॉट घेतले, तर ती दोन तासांत संपते, म्हणजे गाडी अर्ध्या वाटेवरही पोहोचलेली नसते. हलका गेम, मंद पडदा आणि चिपवर मर्यादा यांनी खर्च ८ वॉटवर आणला, तर तीच बॅटरी पाच तास पुरते आणि मुंबई येते.

दुसरा मुद्दा तापमानाचा. वापरलेली वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. स्टीम डेकसाठी भोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे, अशी उत्पादकाची सूचना आहे, आणि येवल्याचा उन्हाळा तर ४० अंशांच्या घरात जातो. अशा वेळी चिप स्वतःला जपण्यासाठी वेग उतरवते, म्हणजे मागितलेला पूर्ण वेग मिळतच नाही. शिवाय उष्णतेने लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्यही घटते.

एकूण, पुढचे चित्र वेळेवर पडद्यावर आणणारा सर्वात कमी वेग हाच योग्य वेग होय. कन्सोल विकत घेताना केवळ मेगाहर्ट्झचा आकडा पाहू नये. बॅटरीचे वॉट-तास आणि चिपचे वॉट यांचा भागाकार आधी करावा आणि पडद्याचा खर्च त्यात धरायला विसरू नये.