शुश्रूषक मासा

समुद्रांत मोठा मासा लहान माशास गिळतो, हें शाळेंतील लहान मूलहि जाणतें. ‘मात्स्यन्याय’ हा शब्द त्यावरूनच आपल्या भाषेंत रूढ झाला. परंतु उष्ण समुद्रांतील प्रवाळांच्या खडकांत एक बोटभर लांबीचा मासा असा आहे कीं, तो मोठमोठ्या हिंस्र माशांच्या उघड्या जबड्यांत निर्धास्तपणें शिरतो आणि तितक्याच निर्धास्तपणें बाहेर येतो. शास्त्रज्ञ त्यास लॅब्रॉइडिस डिमिडिएटस म्हणतात. आपण त्याच्या उद्योगावरून त्यास शुश्रूषक म्हणूं. तांबड्या समुद्रापासून पॅसिफिक महासागरांतील बेटांपर्यंत तो आढळतो. आपल्या देशांत लक्षद्वीप व अंदमान येथील प्रवाळांतहि त्याची वस्ती आहे.

त्याची लांबी सुमारें १० सेंटिमीटर भरते. अंग फिकट निळें असून तोंडापासून शेपटीपर्यंत एक काळा पट्टा मागें रुंद होत जातो. हा पट्टा म्हणजे त्याच्या दुकानाची पाटीच म्हणावयाची. खडकांतील ठराविक जागीं तो दिवसभर असतो व मासे तेथें आपण होऊन येतात. आलेला मासा डोकें वर किंवा खालीं करून, पर पसरून, तोंड व कल्ले उघडून स्तब्ध राहतो. मग शुश्रूषक त्याच्या खवल्यांवरून, कल्ल्यांतून, दांतांमधून फिरतो आणि तेथें चिकटून रक्त शोषणारे बारीक कवचधारी जीव टिपून खातो. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडील लिझार्ड बेटाजवळ अलेक्झांड्रा ग्रटर या विदुषींनीं केलेली गणना १९९६ सालीं प्रसिद्ध झाली. तीप्रमाणें एक शुश्रूषक दिवसांत असे सुमारें १,२०० जीव खातो.

येथवर ही गोष्ट एखाद्या बोधकथेसारखी वाटेल. पण मौज अशी कीं, शुश्रूषकास या जीवांची फारशी आवड नाहीं! त्याला खरी गोडी आहे ती माशाच्या अंगावरील बुळबुळीत लेपाची. हा लेप माशाचें संरक्षण करितो. तो ओरबाडला गेला कीं मासा दचकतो. मग शुश्रूषक नेहमींच लबाडी कां करीत नाहीं? रेडुआन ब्शारी यांनीं तांबड्या समुद्रांत, ईजिप्तमधील रास मोहम्मद येथें, पाण्याखालीं निरीक्षणें करून याचा उलगडा केला. दूरवर हिंडणाऱ्या माशांस दुसरें दुकान मोकळें असतें. चावा बसला तर ते पुढच्या वेळीं दुसरीकडे जातात. म्हणून शुश्रूषक त्यांची सेवा प्रथम करितो. जे मासे तेथेंच राहतात त्यांस जाण्याला अन्य जागा नसते, आणि त्यांनाच ताटकळत ठेविलें जातें. (आपल्या गांवच्या एखाद्या दुकानदाराचें स्मरण वाचकांस झालें, तर तो दोष माशाचा नव्हे.) मात्र चावा बसल्यास हे रहिवासी मासे शुश्रूषकाचा पाठलाग करितात व पुढच्या खेपेस तो जपून वागतो. हिंस्र गिऱ्हाइकांशीं तर तो सहसा लबाडी करीतच नाहीं. उलट आपल्या परांनीं त्यांच्या पाठीस हळूंच स्पर्श करून त्यांस शांत ठेवितो. २००६ सालीं ब्शारी व ग्रटर यांनीं असेंहि दाखविलें कीं, वाट पाहणारे मासे आधींच्या गिऱ्हाइकाशीं कसें वर्तन होतें हें न्याहाळीत असतात, आणि कोणी पाहत असल्यास शुश्रूषक अधिक सचोटीनें वागतो.

त्याच्या घरांतहि शिस्त आहे. एका नराबरोबर कित्येक माद्या असतात. जोडीनें काम चाललें असतां मादीनें चावा घेतला, तर गिऱ्हाईक निघून जातें व नराचेंहि जेवण बुडतें. तेव्हां नर तिच्या मागें लागतो. याहून नवलाची गोष्ट डी. आर. रॉबर्टसन यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केली. नर मेला कीं, सर्वांत मोठी मादी कांहीं तासांतच नराप्रमाणें वागूं लागते आणि सुमारें दोन-अडीच आठवड्यांत प्रत्यक्ष नर बनते!

शुश्रूषकावरील विश्वासाचा लाभ उठविणारा एक तोतयाहि आहे. अ‍ॅस्पिडॉन्टस टीनिएटस नांवाचा मासा रंगानें व आकारानें हुबेहूब त्याच्यासारखा दिसतो. तोंड मात्र खालच्या अंगास असतें. जवळ येऊं दिल्यास तो पराचा लचका तोडून पळतो.

या इवल्याशा जीवावांचून कितीसें अडेल, असें कोणी विचारील. लिझार्ड बेटाजवळील कांहीं लहान खडकांवरून सर्व शुश्रूषक साडेआठ वर्षें सतत काढून टाकण्यांत आले. २०११ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: अशा खडकांवर स्थायिक माशांची संख्या ३७ टक्क्यांनीं व त्यांच्या जातींची संख्या २३ टक्क्यांनीं कमी आढळली. शोभेच्या काचपात्रांसाठीं शुश्रूषक पकडून विकण्याचा व्यापार आजहि चालतो. पात्रांत गिऱ्हाइकें मोजकीं, म्हणून अन्नहि मोजकें. त्यामुळें तेथें तो बहुधा फार दिवस जगत नाहीं.