इंचाला महिना

"इंचाला महिना," तात्या म्हणाले आणि उलटा हात भिंतीवर ठेवून गप्प राहिले.

महाबळेश्वरातल्या एका जुन्या हॉटेलची ही पश्चिमेकडची भिंत. जांभ्या दगडाची, अठरा इंच जाड. पाणी प्यायलेली भिंत सुकायला दर इंचामागे एक महिना धरायचा, हा तात्यांचा हिशेब. शेजारी उभ्या असलेल्या मॅनेजरांनी गुणाकार केला आणि ते हसले. "म्हणजे दीड वर्ष? तात्या, दिवाळीचं बुकिंग घेऊन बसलोय मी."

इथली बरीच हॉटेलं आतली दुरुस्ती पावसाळ्यात काढतात, कारण खोल्या रिकाम्या असतात त्या तेव्हाच. जूनच्या मध्यावर गर्दी ओसरली की पलंग बाहेर, जुना गिलावा खाली. ज्या गावात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, तिथे भिंतींना शेवटचा गुळगुळीत हात मारायचं काम नेमकं त्याच चार महिन्यांत चालतं. जुलैत धुकं खिडकीतून आत येऊन बसतं, पारा विशीच्या आसपास रेंगाळतो आणि दोरीवर टाकलेला टॉवेल दुसऱ्या दिवशी आणखी ओला लागतो. अशा हवेत भिंत बिनडागी निघते तरी कशी, हे बघायला मी गेले होते. तात्या वाई बाजूचे, साठी ओलांडलेले गिलाव्याचे मिस्तरी. ते चौरस फुटावर काम घेत नाहीत, हजेरीवरच घेतात, असं कळल्यावर त्यांच्याच मागे लागले.

पहिली अर्धी सकाळ त्यांनी काहीच केलं नाही. म्हणजे ठेकेदाराच्या भाषेत काहीच केलं नाही. भिंतीला हात लावत फिरले. तळहात नाही, उलटा हात. बोटांच्या मागची कातडी. काही ठिकाणी तो बराच वेळ तसाच राहायचा. कोपऱ्यात, खिडकीखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर. मग कुंचला बादलीत बुडवून त्यांनी आतल्या भिंतीवर पाणी शिंपडलं आणि आम्ही सगळे ते पाणी बघत उभे राहिलो. उन्हाळ्यात असं पाणी मारलं की भिंत ते गटकन पिते. इतकी पिते की आधी तिची तहान भागवल्याशिवाय जिप्सम लावताच येत नाही. इथे थेंब ओघळून सरळ जमिनीवर आले.

"पोट भरलंय तिचं," तात्या म्हणाले. "आज न्हाई लागायचं."

बंगालहून आलेली दोन तरुण मुलं जिप्समची पोती फोडायच्या बेतात होती. ती खाली बसली. त्यांची हजेरी त्या दिवशी ठेकेदाराने अर्धी लावली, हे मला संध्याकाळी कळलं.

यामागे थोडं रसायनशास्त्र आहे. खाणीतून निघणाऱ्या जिप्समच्या खड्यात पाणी बांधलेलं असतं. आपल्याकडे निघणारा बहुतेक सगळा माल राजस्थानातला, बिकानेर-नागौर भागातला. तो दीडशे अंशांच्या आसपास भाजला की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी उरते. भुकटीत पाणी घातलं की ती गेलेलं पाणी परत घेते, सुयांसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि थर घट्ट होतो. हे धुक्यातही होतं, पावसातही होतं. म्हणूनच फसगत होते. घट्ट होणं वेगळं आणि वाळणं वेगळं. पंचवीस किलोच्या पोत्यात कालवताना साधारण १६ लिटर पाणी जातं. त्यातलं साडेचार लिटरच्या आसपास स्फटिकांत बांधलं जातं. उरलेलं अकरा-साडेअकरा लिटर हवेतच जायला हवं.

आतल्या तीन भिंतींना चार पोती लागणार होती. म्हणजे पंचेचाळीस लिटर पाणी बाहेर काढायचं. खोली बारा बाय बारा, उंची दहा फूट. वीस अंशांच्या पूर्ण भरलेल्या हवेत त्या अख्ख्या खोलीत पाऊण लिटरसुद्धा वाफ मावत नाही, आणि जुलैतली हवा आधीच काठोकाठ भरलेली असते. खोली पाच अंशांनी तापवली तर आणखी पाव लिटर मावेल. मी वहीत गणित मांडलं: हवा तापवायची, भरू द्यायची, बाहेर सोडायची, आणि हे पावणेदोनशेच्या वर वेळा करायचं. तात्यांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "तेच की. इंचाला महिना."

मॅनेजरांनी मात्र आपला उपाय आणला होता: गॅसवर चालणारा मोठा हीटर. तो खोलीत लावला, दारं-खिडक्या बंद केल्या, खोली छान उबदार झाली. तासाभराने खिडकीच्या काचांवरून पाणी गळू लागलं. एक किलो गॅस जळला की दीड लिटरच्या वर पाणी वाफ होऊन खोलीत येतं. १९ किलोचं सिलिंडर संपेपर्यंत तीसेक लिटर. भिंत सुकवायला लावलेलं यंत्र भिंतीला पाणी पाजत होतं. शिवाय बंद खोलीत असा गॅस किंवा कोळशाची शेगडी पेटवून माणसं आत थांबली तर जिवावर बेतू शकतं. तात्यांनी हे काही न बोलता हीटरचा कॉक बंद केला आणि खिडकी उघडायला गेलेल्या मुलाला थांबवलं, कारण बाहेर धुकं होतं. "वारं लागू दे" हा उन्हाळ्यातला सल्ला इथे उलटा पडतो. शेवटी विजेचा हीटर, छताचा पंखा अगदी मंद, आणि हवेतलं पाणी ओढणारं यंत्र पुण्याहून भाड्याने. त्याची टाकी मुलं दिवसातून दोनदा मोरीत ओतत. त्या यंत्राचं भाडं कोणी द्यायचं यावर मॅनेजर आणि ठेकेदार यांच्यात जे झालं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भिंतीवर प्लास्टिकचा एक चौकोनी तुकडा चारही कडांना चिकटपट्टी मारून रात्रभर ठेवला होता. सकाळी थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला असले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला असले तर खोलीच्या हवेतून. आतल्या विटांच्या साडेचार इंची भिंतींवर अखेर एके सकाळी दोन्ही बाजू कोरड्या निघाल्या. तात्यांनी तरीही उलटा हात लावून पाहिला. मग मान हलवली.

त्यानंतर सगळं भराभर. बादली घासून स्वच्छ, कारण आधीच्या घाण्याचे कडक कण राहिले तर नवा माल वेळेआधीच आवळतो. आधी पाणी, वरून भुकटी. पहिला हात दीडेक मिलिमीटरचा, अगदी पातळ. भिंत पाणी ओढत नसेल आणि थर जाड असेल, तर तो खाली लोंबतो आणि गुरमाळ्याखाली, म्हणजे घोटायच्या पात्याखाली, फुगे येतात. फुगा दिसला की नवखा माणूस तो दाबतो, आणखी पाणी मारतो, आणखी घासतो. वरची साय पातळ होते आणि पुढे रंगासकट पोपडा निघतो. तात्या फुगा दिसला की हात काढून घेत. थांबत. बोटाचं टोक लावून बघत. पुन्हा थांबत. उन्हाळ्यात दोन हातांमधलं जे अंतर एक विडी ओढण्याइतकं असतं, ते इथे तिपटीने वाढलं होतं.

मला तिथे सारखं परत ओढून नेणारी गोष्ट म्हणजे गुरमाळ्याचा आवाज. सुरुवातीला तो चपचपीत, जवळजवळ नसलेला. थर आवळू लागला की खरखर. आणि मग एका क्षणी पोलादी पात्यातून बारीक, लांब शीळ निघते. ती आली की तात्या पाण्याचा कुंचला लांब सारत आणि पातं किंचित उभं धरून एका दमात छतापासून कमरेपर्यंत ओढत. शिळेच्या आधी ओढलं तर पात्याच्या रेघा राहतात, नंतर ओढलं तर काळे डाग पडतात. मुलं ती ऐकायला शिकत होती. त्यातल्या एकाने कंटाळून मालात मूठभर मीठ टाकायचं सुचवलं. मिठाने जिप्सम लवकर आवळतं, हे खरं आहे. तात्या त्या दिवसात एकदाच चिडले. हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून घेतं, आणि महाबळेश्वरात पावसाळाभर ती त्याच्या वरच असते. त्या भिंतीला दर पावसात ओलीचा डाग फुटला असता.

शेजारच्या खोलीत ठेकेदाराची दुसरी टोळी होती, चौरस फुटावरची. त्यांचा सिमेंटचा गिलावा ओलावा सोडेना, तेव्हा त्यांनी वर कोरडं सिमेंट भुरभुरून पाणी शोषून घेतलं आणि लगेच घोटून टाकलं. संध्याकाळी ती भिंत तात्यांच्या भिंतीहून चकचकीत दिसत होती. चारच दिवसांत तिच्यावर केसभर चिरांचं जाळं उमटलं. मी त्या माणसांना दोष देणार नाही. त्यांना थांबायचे पैसे कोणी देत नव्हतं.

उरली ती जांभ्याची भिंत. तिथेही जिप्समच लावायचा ठेकेदाराचा आग्रह होता, म्हणजे सगळ्या खोलीला एकच रंग देता येईल. जिप्सम पाण्यात थोडंसं विरघळतं. कायम ओल्या राहणाऱ्या भिंतीवर ते हळूहळू मऊ होतं. तात्यांनी ते साफ नाकारलं. बाहेरून पत्रे आणि गवताचं आच्छादन बांधायला लावलं, आतून चुन्याचा गिलावा आणि वर नीरूचा, म्हणजे बारीक चुन्याचा, पातळ हात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड बनतो आणि भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो. "चुन्याला घाई न्हाई ताई," ते म्हणाले. "घाई सिमेंटवाल्यांना." रंग? पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नुसती चुन्याची सफेदी. मॅनेजरांनी बराच वेळ भिंतीकडे पाहिलं आणि तिच्यापुढे वेताचा पडदा लावायचं ठरवलं. इंचाला महिना हे त्यांनी मान्य केलं असं नव्हे. दुसरा मार्ग उरला नव्हता.

पावसाळ्यात घराचं काम काढणार असाल, तर वाळवणीचे दिवस कंत्राटात वेगळे लिहून घ्या आणि त्या दिवसांची पूर्ण हजेरी मिस्तरीला आणि त्याच्या पोरांना द्या. चौरस फुटाच्या दरात ते बसत नाहीत.