पॉकेटमनी आणि पोटोबा

सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या. पण हा विषय इंग्रजी सेक्शनमध्ये लिहावा असं वाटेना, कारण भूक लागली की आपण सगळे मराठीतच ओरडतो!

आधी स्वतःची फजिती सांगते. गेल्या सेमिस्टरला सेकंडहँड लॅपटॉपसाठी पैसे जमवायचे म्हणून मी मेसचं एक वेळचं जेवण बंद केलं. संध्याकाळी चहा, बिस्किटं किंवा एक समोसा. बाबा राईस मिलमध्ये मुनीम आहेत, त्यांच्याकडे मागायला जीव होत नव्हता. दोन महिन्यांत अठराशे रुपये वाचले. मी खूश! आणि एक दिवस वर्कशॉपमध्ये लेथसमोर उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. मैत्रिणीने मागे ओढलं म्हणून हात वाचला. तपासणीत हिमोग्लोबिन निघालं ८.८. मुलींमध्ये ते किमान १२ हवं. डॉक्टर, तपासण्या, गोळ्या मिळून खर्च झाला दोन हजार. म्हणजे हिशेबात दोनशेचा तोटाच!

सुट्टीत बिरसीला गेले तर आजी म्हणाली, "काहून वं पोरी, तिथं खायाले देत नाही का?" आमच्या बिरसीला इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली धावपट्टी आहे. शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं डोक्यावरून घिरट्या घालत असतात. अंगणात बसून ती बघताना मनात आलं, इंधन न तपासता कुणी विमान उडवत नाही, मग आपण रिकाम्या टाकीवर परीक्षा कशा देतो? तेव्हापासून मी थोडा अभ्यास केला, तो इथे मांडते.

किती लागतं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. माझं वजन ४८ किलो, म्हणजे साधारण ४० ग्रॅम. लोह मुलांना रोज १९ मिलिग्रॅम, मुलींना २९ मिलिग्रॅम. भाताचा डोंगर आणि पातळ वरण यात पोट भरतं, पण हा आकडा भरत नाही.

दहा रुपयांत काय मिळतं?

कॉलेजसमोरच्या दुकानातले भाव धरून मी गणित केलं. तुमच्याकडे भाव थोडे इकडे-तिकडे असतील.

• सोयाबीन वडी – सुमारे ३५ ग्रॅम प्रथिनं
• शेंगदाणे – सुमारे १६ ग्रॅम
• फुटाणे – सुमारे १४ ग्रॅम
• अंडी – सुमारे ९ ग्रॅम (म्हणजे दीड अंडं!)
• दूध – सुमारे ५ ग्रॅम
• चिप्सचं पाकीट – दीड-दोन ग्रॅम

बघा, महाग वस्तूच पौष्टिक असते हा आपला गैरसमज आहे. डब्यातल्या प्रोटीन पावडरीच्या आधी मूठभर फुटाण्यांचा विचार करा. अंड्या-दुधाला मात्र एक जास्तीचा मान आहे. त्यांत बी-१२ जीवनसत्त्व असतं, ते डाळी-भाज्यांत मिळत नाही.

आजीचा वरण-भातही काही कमी नाही. तांदळाच्या प्रथिनात लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदळात असतं. दोघांची जोडी जमली की काम फत्ते. फक्त डाळ वाटीत दिसली पाहिजे, शोधावी लागू नये!

भाताची गोष्ट

आपला गोंदिया जिल्हा म्हणजे धानाचा. पण पांढऱ्याशुभ्र तांदळाने एकेकाळी माणसं मारली आहेत. बेरीबेरी नावाच्या रोगात पाय लुळे पडायचे, हृदय थकायचं. १८९० च्या दशकात जावा बेटावर डॉ. आइकमन यांना दिसलं की पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या आजारी पडतात आणि कोंड्यासकटचा तांदूळ दिला की बऱ्या होतात. कोंड्यातलं बी-१ जीवनसत्त्व पॉलिशमध्ये निघून जात होतं. १९२९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. वर सांगितलेली पोषण संस्थासुद्धा १९१८ मध्ये कुन्नूरला एका खोलीत सुरू झाली, ती बेरीबेरीच्याच अभ्यासासाठी!

यावर उपाय आपल्याच मिलमध्ये आहे. उसना तांदूळ करताना धान भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडतात. वाफवताना बी-१ कोंड्यातून दाण्याच्या आत शिरतं आणि बरंचसं टिकतं. आणि भात शिजवून मांड फेकला की जीवनसत्त्वं पाण्याबरोबर मोरीत जातात. आजी तो मांड मीठ घालून पिते. मी लहानपणी नाक मुरडायची, आता मागून घेते.

स्वस्त, पण जपून

आमच्याकडे धान निघालं की बांध्यांत लाखोळी आणि जवस पेरतात. जवसाची चटणी रोज खा, त्यात ओमेगा-३ असतं. लाखोळीची डाळ स्वस्त असली तरी तीच मुख्य अन्न म्हणून महिनोन्महिने खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. म्हणजे स्वस्त ते सगळंच चांगलं असंही नाही.

लोहासाठी मुनग्याची पानं आणि हिरव्या भाज्या खा. वर लिंबू पिळा, कारण 'सी' जीवनसत्त्वाने भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा नको, तो लोह अडवतो. एक तास थांबा. आणि हिमोग्लोबिन फार कमी असेल तर नुसत्या गुळ-शेंगदाण्यावर राहू नका, डॉक्टरांच्या गोळ्या पूर्ण घ्या.

माझा सध्याचा बेत

मेसची दोन्ही जेवणं चालू. सकाळी रात्रभर भिजवलेले हरभरे, त्याला किटली लागत नाही की वॉर्डन मॅडमची परवानगी. संध्याकाळी मुर्रा-फुटाणे, त्यात कांदा, सांबार, लिंबू. आठवड्यातून चार अंडी. महिन्याचा जास्तीचा खर्च साडेतीनशेच्या आत. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४ झालं. गोळ्यांचा वाटा मोठा, पण जेवणाचाही आहेच.

मेस कमिटीला आणि सरांना एक नम्र विनंती. भाताचा मांड फेकू नये, आठवड्यातून दोनदा भाजीत सोयाबीन वडी टाकावी आणि ताटात लिंबाची एक फोड असावी. यात खर्च फार वाढणार नाही. आणि आमच्यासारखे एक वेळचं जेवण बंद करणारे विद्यार्थी दिसले तर कारण जरूर विचारावं. 'डाएट' असं सांगणाऱ्यांपैकी काही जण पैसे वाचवत असतात. मीही तेच सांगत होते.

लॅपटॉप अजून घेतलेला नाही. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर काम चालतं. पण लेथवर मात्र आता मी सरळ उभी असते!

– एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, मेकॅनिकल