नव्या कॉम्प्युटरचा पहिला दिवस

सोलापूरला मावशीच्या घरी नवा डेस्कटॉप आला त्या दिवशी मी तिथे होतो. दुकानातला मुलगा कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड जोडून, स्क्रीन उजळलेली दाखवून गेला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मावशी आपल्या आईच्या पिढीतल्या बायकांच्या आठवणी वहीत लिहून ठेवते आहे. आता ते सगळं टाइप करायचं, या ओढीने तिने लगेच खुर्ची पुढे घेतली. मी म्हटलं, "मावशी, आजचा दिवस थांब. आधी याला अपडेट करून घेऊ." तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अरे, आत्ता तर खोक्यातून काढलाय. नव्याला कसलं आलंय अपडेट?"

हा प्रश्न रास्त आहे, आणि तो मी अनेक घरांत ऐकला आहे.

नवं असतं ते यंत्र. आतलं सॉफ्टवेअर नवं असेलच असं नाही. कंपनी किंवा दुकानदार विंडोजची एक तयार प्रत डिस्कवर उतरवतो, आणि ती प्रत जिथे बनली तिथेच थांबलेली असते. पुढे माल कारखान्यातून गोदामात, गोदामातून दुकानात आणि तिथून आपल्या टेबलावर येईपर्यंत काही महिने सहज जातात. तेवढ्या काळात त्या प्रतीतल्या चुका सापडत राहतात, त्यांच्या दुरुस्त्या निघत राहतात. आणि दुरुस्ती निघाली की भोक कुठे होतं हेही सगळ्यांना कळतं, चोरांनाही. त्यामुळे दुरुस्ती न केलेला कॉम्प्युटर नुसता पडून राहिला तरी दिवसेंदिवस जास्त धोक्यात येत जातो.

२०१७ साली हे जगाने पाहिलं. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधली एक मोठी त्रुटी बुजवणारी दुरुस्ती काढली. १२ मे रोजी त्याच त्रुटीतून 'वॉनाक्राय' हा घातक प्रोग्रॅम पसरला आणि दीडशेच्या आसपास देशांतल्या दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरवरच्या फाइली कुलूपबंद झाल्या. दुरुस्ती करून घ्यायला मध्ये जवळजवळ दोन महिने मिळाले होते. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या' आला. त्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक तीच जुनी त्रुटी होती. त्यात जहाजवाहतूक करणाऱ्या मर्स्क समूहाचे कॉम्प्युटर बंद पडले आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं काम थांबलं.

मावशीला मी एवढंच सांगितलं, आणि ती चहा टाकायला उठली.

कामाला लागण्याआधी डेस्कटॉप यूपीएसवर आहे ना, ते पाहायचं. लॅपटॉपला बॅटरी असते, डेस्कटॉपला नसते, आणि अपडेट अर्धवट असताना लाइट गेली तर दुरुस्तीचं काम दुप्पट होतं. इंटरनेट फोनच्या हॉटस्पॉटवर असेल तर डेटाचाही हिशेब करा. पहिल्या दिवशी काही जीबी सहज उतरतात. शक्य असेल तर तेवढ्यापुरतं शेजारच्या घरचं वाय-फाय मागून घ्यावं.

मग बायोस. बटण दाबल्यावर विंडोजच्याही आधी जागा होणारा हा छोटा प्रोग्रॅम मदरबोर्डवरच्या चिपमध्ये राहतो. त्याचं आजचं नाव यूईएफआय, पण सगळे बायोसच म्हणतात. बहुतेक बोर्डांवर सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबत राहिलं की तो उघडतो. पैसे मोजले तेवढी रॅम दिसते का, एसएसडी दिसते का, आणि तारीख-वेळ बरोबर आहे का, हे बघून घ्या. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तिच्यामुळे तासन् तास वाया गेलेले मी पाहिले आहेत. सुरक्षित वेबसाइट आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर मुदत लिहिलेली असते. कॉम्प्युटरचं घड्याळ दोन वर्षं मागे असेल तर त्याला ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही असं वाटतं. मग तो चांगल्या साइटलाही असुरक्षित म्हणतो, अपडेट अडतात, आणि आपण दोष इंटरनेटला देत बसतो.

बायोसचंही अपडेट असतं. माझं मत असं की घरच्या कॉम्प्युटरवर ते उगाच करू नये. बोर्डाच्या कंपनीने एखादी सुरक्षेची दुरुस्ती दिली असेल किंवा आपल्या प्रोसेसरसाठी ते लागत असेल तरच करावं, कारण ते चालू असताना वीज गेली तर बोर्डच बंद पडू शकतो.

आता विंडोज. इथे मावशीच्या घरी आमचा अर्धा दिवस गेला. सेटिंग्जमध्ये 'ॲक्टिव्हेशन' पाहिलं तर ॲक्टिव्ह दिसत होतं, पण बिलावर विंडोजची ओळच नव्हती. शंका आली म्हणून 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'एक्स्क्लुजन्स' ही यादी पाहिली. कुठले फोल्डर तपासायचे नाहीत हे डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसला, या यादीतून सांगितलेलं असतं. ताज्या कॉम्प्युटरवर ती रिकामी हवी. इथे एक फोल्डर होता. कोणीतरी क्रॅक, म्हणजे परवान्याचं कुलूप फोडणारा प्रोग्रॅम, चालवून विंडोज 'अस्सल' केलं होतं आणि तो क्रॅक पकडला जाऊ नये म्हणून पहारेकऱ्यालाच तिकडे पाहू नको असं सांगून ठेवलं होतं. असे प्रोग्रॅम आणखी काय करतात हे वापरणाऱ्याला कधीच कळत नाही. याच कॉम्प्युटरवर पुढे पेन्शनचं खातं उघडलं जाणार होतं.

असं आढळलं तर साफसफाईचा एकच मार्ग मला मान्य आहे: डिस्क पुसायची आणि नव्याने सुरुवात करायची. दुसऱ्या भरवशाच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'मीडिया क्रिएशन टूल' उतरवायचं, किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लावायचा. ते टूल त्यावर विंडोज ११ ची ताजी प्रत बनवून देतं. परवाना मात्र पैसे देऊन, बिलासह घ्यायचा. तो खर्च झेपत नसेल तर उबुंटू वापरा. ते फुकट आहे, कायदेशीर आहे आणि त्याच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं अपडेट मिळतात. चोरीच्या विंडोजपेक्षा ते कितीतरी बरं. नव्या यंत्रावर कोणी विंडोज १० घालून देत असेल तर नको म्हणा. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

विंडोज पहिल्यांदा सुरू होताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. ते दिलं की अलीकडच्या आवृत्त्यांत, यंत्र त्या लायक असेल तर, डिस्क आपोआप कूटबद्ध होते. म्हणजे डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली तरी कोणाला काही वाचता येत नाही. सोय चांगली आहे. पण बायोस बदललं किंवा बोर्ड दुरुस्त केला की विंडोज ४८ आकड्यांची 'रिकव्हरी की' मागू शकतं. ती नसेल तर आपल्याच फाइली आपल्याला परक्या होतात. ही की त्या खात्यातच जपून ठेवलेली असते. पहिल्याच दिवशी ती उघडून कागदावर उतरवायची आणि तो कागद घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवायचा.

पहिलं खातं 'ॲडमिनिस्ट्रेटर' असतं, घराच्या सगळ्या किल्ल्या हातात असलेलं. रोजच्या कामासाठी दुसरं, साधं 'स्टँडर्ड' खातं काढावं. त्यातून चुकून एखादी वाईट फाइल उघडली तरी ती पूर्ण कॉम्प्युटरवर सहज ताबा मिळवू शकत नाही; आधी ॲडमिनचा पासवर्ड विचारला जातो, आणि तिथे माणूस थांबतो.

एवढं झालं की 'विंडोज अपडेट' उघडून तपासणीचं बटण दाबायचं. आत काय घडतं ते समजलं तर ते टक्के पाहताना चिडचिड होत नाही. आपला कॉम्प्युटर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला आपली आवृत्ती आणि आतले भाग सांगतो. सर्व्हर काय कमी आहे ते कळवतो. मग पॅकेज उतरतं. त्यावर कंपनीची डिजिटल सही असते. ती सही पॅकेजमधल्या प्रत्येक अक्षरावरून गणित करून काढलेली असते, म्हणून वाटेत कोणी एक अक्षर बदललं तरी जुळत नाही आणि पॅकेज नाकारलं जातं. जुळली तर नव्या फाइली बाजूला मांडून ठेवल्या जातात. जुन्या फाइली त्या क्षणी वापरात असतात, चालत्या गाडीचं चाक बदलता येत नाही, म्हणून अदलाबदल रीस्टार्टच्या वेळी होते. 'बंद करू नका' असं लिहिलेलं दिसतं ते याच वेळी, आणि ते अक्षरशः पाळायचं.

महिन्याची अपडेट साठत जाणारी असतात: ताज्या पॅकेजमध्ये मागच्या दुरुस्त्याही येतात, त्यामुळे आठ महिन्यांची आठ वेगळी पॅकेजं लागत नाहीत. तरी एका रीस्टार्टने काम संपलं असं समजू नका. काही अपडेट दुसरं बसल्यावरच दिसू लागतात. पुन्हा तपासा, पुन्हा रीस्टार्ट करा, आणि 'यू आर अप टू डेट' दिसल्यावरही आणखी एकदा तपासा. मावशीच्या कॉम्प्युटरला चार फेऱ्या लागल्या.

मग ड्रायव्हर. विंडोजला ग्राफिक्स कार्ड, आवाज, वाय-फाय, प्रिंटर यांच्याशी बोलायला लागणारे हे दुभाषे. बरेचसे विंडोज अपडेटच आणतं. काही 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये थांबलेले असतात. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये पिवळा त्रिकोण नसेल तर काम झालं. असेल तर बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलचं पान शोधून तिथूनच ड्रायव्हर घ्यावा. सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये देणारे प्रोग्रॅम घरात घेऊ नका.

त्यानंतर आपली सॉफ्टवेअरं: ब्राउझर, ऑफिसचं काम करायला लिबरऑफिस, व्हिडिओसाठी व्हीएलसी. नियम एकच, ज्याने बनवलं त्याच्या साइटवरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्यायचं. शोधल्यावर सगळ्यात वर दिसणारा दुवा बरेचदा जाहिरात असतो आणि हुबेहूब नकली पानावर नेतो. वेबसाइट पाहता पाहता 'तुमचं अपडेट बाकी आहे, इथे दाबा' असं मध्येच आलं तर ते पान बंद करा. ब्राउझरचं अपडेट त्याच्या स्वतःच्या मेनूतून होतं, आणि बहुधा न विचारता होतं.

आता मावशीचं खरं काम. 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये जाऊन मराठी भाषा जोडली. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबला की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड आहेत. मी तिला इन्स्क्रिप्ट शिक म्हटलं, कारण तिला पानंच्या पानं लिहायची आहेत. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात. 'मावशी' लिहायला सी, ई, बी, मग शिफ्टसह एम आणि शेवटी आर. शिफ्टसह एन दाबलं की ळ. डी म्हणजे पाय मोडणं. आणि शिफ्टसह जे दाबलं की मराठीला हवा असलेला तो खास ऱ मिळतो. त्याचा पाय मोडून य जोडला की डोंगरातल्या 'दऱ्या' होतात, साधा र घेतला तर समुद्राचा 'दर्या'. हा फरक टाइप करता आला तेव्हा मावशीचा चेहरा पाहण्यासारखा होता.

हे सगळं युनिकोडमध्ये साठतं, म्हणून तिचा मजकूर नातीच्या फोनवरही तसाच दिसेल. जुन्या डीटीपी फॉन्टमधल्या फाइली मात्र तो फॉन्ट नसला की इंग्रजी चिन्हांचा गोंधळ होतात. त्या रूपांतर करून ठेवा, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला.

शेवटचं काम मागे फिरण्याची वाट ठेवण्याचं. अपडेटही चुकतं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. यावरून अपडेट बंद ठेवावं असं कोणी म्हणालं तर मला ते पटत नाही. 'सिस्टिम प्रोटेक्शन' सुरू करून एक रिस्टोअर पॉइंट बनवा आणि स्वतःच्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. ती डिस्क प्रत घेतल्यावर काढून कपाटात ठेवायची. महिन्याची सुरक्षा-अपडेट लगेच घ्या. वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती हवी तर काही आठवडे थांबून घ्या. ती बसवल्यावर काही बिघडलं तर साधारण १० दिवसांपर्यंत मागच्या आवृत्तीवर परत जाता येतं.

मायक्रोसॉफ्टची मासिक दुरुस्ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघते, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. मावशीने भिंतीवरच्या कॅलेंडरात त्यानंतरच्या बुधवारांवर खूण केली आहे. त्या सकाळी ती आधी अपडेट करते, रीस्टार्ट करते, आणि मग लिहायला बसते.

तुमच्या घरच्या कॉम्प्युटरची ४८ आकड्यांची ती की कागदावर उतरवलेली नसेल, तर हे वाचून झाल्यावर आधी तेवढं काम करा.