लिनक्सला स्कॅनर दिसत नाही? फेकून देण्याआधी हे तपासा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ जुन्या कॉम्प्युटरवर चालत नाही, नवा घ्यायचा तर बजेट नाही. म्हणून अनेक मदरसे, मशिदींची ऑफिसं आणि मोहल्ल्यातली वाचनालयं लिनक्स मिंट किंवा उबंटूकडे वळत आहेत. ही सिस्टीम मोफत आहे आणि जुन्या मशीनवरही बरी चालते. अडचण येते ती स्कॅनरची. काल विंडोजवर चालणारा स्कॅनर आज 'सापडला नाही' म्हणतो.

हे काम थांबणं परवडणारं नाही. मुलांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म असतात, उत्पन्नाचे दाखले असतात. ६ जून २०२५ ला 'उम्मीद' पोर्टल सुरू झाल्यापासून वक्फ मालमत्तांचे जुने कागदही अपलोड करावे लागत आहेत. घाईत लोक हे कागद सायबर कॅफेत नेतात किंवा कुणाच्याही मोबाईलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवतात. लोकांचे आधार कार्ड आणि जमिनीचे दस्त ही आपल्याकडची अमानत आहे, ती आपल्याच कॉम्प्युटरवर राहिलेली बरी.

स्कॅनर बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. तो आणि कॉम्प्युटर यांच्यामधली एखादी कडी तुटलेली असते. कोणती, ते क्रमाने शोधायचं.

१. केबल आणि पोर्ट

यूएसबी हब आणि एक्स्टेन्शन केबल काढा. स्कॅनर थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावा. कॅननच्या लाइड मालिकेसारखे पातळ स्कॅनर वीजही यूएसबीतूनच घेतात. हबमधून ती पुरेशी मिळाली नाही तर ते मधेच गायब होतात. जुना स्कॅनर निळ्या यूएसबी ३ पोर्टवर अडत असेल तर काळ्या यूएसबी २ पोर्टला लावून बघा. काही फ्लॅटबेड स्कॅनरना आत एक कुलूप असतं, तेही उघडलेलं पाहिजे.

२. कॉम्प्युटरला तो दिसतो का?

टर्मिनल उघडा आणि 'एल-एस-यू-एस-बी' ही पाच इंग्रजी अक्षरं लहान लिपीत, जोडून टाइप करून एंटर दाबा. जोडलेल्या सगळ्या यूएसबी वस्तूंची यादी येईल. त्यात कॅनन, एपसन, एचपी किंवा ब्रदर असं कंपनीचं नाव शोधा.

नाव नसेल तर दोष केबल, पोर्ट, वीज किंवा खुद्द स्कॅनरचा आहे. सॉफ्टवेअरमागे लागू नका. नाव असेल तर अर्धं काम झालं, पुढे जा.

३. ड्रायव्हर ओळखतो का?

लिनक्सवर स्कॅनिंगचं काम 'सेन' नावाची यंत्रणा करते. टर्मिनलमध्ये 'स्कॅन' आणि 'इमेज' हे इंग्रजी शब्द जोडून लिहा, मग एक जागा सोडा, एक आडवी रेघ आणि तिला चिकटून मोठा एल. सेनला जे स्कॅनर वापरता येतात, त्यांची नावं दिसतील. यूएसबीच्या यादीत स्कॅनर आहे पण इथे नाही, म्हणजे ड्रायव्हर कमी आहे. इथून पुढचा रस्ता कंपनीप्रमाणे बदलतो.

एचपी : 'एचलिप' हे पॅकेज लागतं, ते बहुधा आधीच असतं. पण काही लेसरजेट मॉडेलना वेगळं प्लगइन हवं असतं. टर्मिनलमध्ये 'एचपी', आडवी रेघ, 'प्लगइन' असं लिहिलं की ते डाउनलोड होतं. अपडेटनंतर एचलिपची आवृत्ती बदलली तर प्लगइन पुन्हा टाकावं लागतं. 'काल चालत होता, आज नाही' या तक्रारीमागे हे कारण अनेकदा निघतं.

एपसन : कंपनीच्या साइटवरून 'एपसन स्कॅन २' चं लिनक्स पॅकेज घ्या.

ब्रदर : कंपनीचं 'बीआरस्कॅन' पॅकेज लागतं. मशीन वायफायवर असेल तर तिचा आयपी पत्ता त्यात नोंदवावा लागतो.

कॅनन लाइड : ११०, १२०, ३०० आणि ४०० ही मॉडेलं सेनमधल्या ड्रायव्हरवरच चालतात. सिस्टीम अपडेट केलेली असली म्हणजे झालं.

प्रिंटर-स्कॅनर एकत्र असलेल्या मशीनच्या बॉक्सवर 'एअरप्रिंट' लिहिलं असेल तर कंपनीच्या ड्रायव्हरची सहसा गरज पडत नाही. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'सेन-एअरस्कॅन' आणि यूएसबीसाठी 'आयपीपी-यूएसबी' ही पॅकेजं टाका आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

४. परवानगीचा प्रश्न

तीच कमांड पुढे 'सुडो' लावून दिली की स्कॅनर दिसतो, तसंच दिली की दिसत नाही, असं असेल तर ड्रायव्हर ठीक आहे. तुमच्या युजरला परवानगी नाही, एवढंच. 'युजर्स अँड ग्रुप्स'मध्ये जाऊन आपलं नाव 'स्कॅनर' ग्रुपमध्ये घाला, मग लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा. रोजचं काम सुडोने करत बसू नका.

५. वायफायवरचा स्कॅनर

स्कॅनर आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर हवेत. गेस्ट वायफायवर ते एकमेकांना दिसत नाहीत. फायरवॉल एक मिनिट बंद करून बघा. स्कॅनर दिसला तर कारण सापडलं. त्यात स्कॅनरला वाट द्या आणि फायरवॉल लगेच चालू करा.

तरीही जमलं नाही तर

सेनच्या साइटवर मॉडेलनुसार यादी आहे. तिथे 'अनसपोर्टेड' लिहिलं असेल तर डोकेफोड थांबवा. नवा किंवा सेकंडहँड स्कॅनर घेण्याआधीही हीच यादी बघा, दुकानदाराच्या 'चालेल की'वर विसंबू नका.

स्कॅनर लागला की 'डॉक्युमेंट स्कॅनर' हे ॲप उघडा. साध्या दाखल्यांना ३०० डीपीआय पुरे. जुने उर्दू किंवा मोडी दस्त मात्र रंगीत स्कॅन करा, फिकी शाई आणि शिक्के त्यातच नीट उठतात. आणि ज्याला हे जमलं, त्याने मोहल्ल्यातल्या आणखी दोघांना शिकवावं. फॉर्मची शेवटची तारीख कुणासाठी थांबत नाही.