देणगी मागणाऱ्याची परीक्षा

लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरची मुलं बारावीनंतर लोणार-मेहकरच्या कॉलेजात जातात, काही पुढे छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठतात. नोकरीत स्थिरावली, घराचे हप्ते आटोक्यात आले की त्यांतल्या कित्येकांच्या मनात येतं, ज्या कॉलेजानं आपल्याला शिकवलं त्याच्यासाठी काहीतरी करावं. ही इच्छा खरी असते. पण समोरच्या कॉलेजात ती नीट ऐकून घेणारा, समजून घेणारा माणूस बहुतेकदा नसतो. असा माणूस तयार करण्याचं काम निधी संकलनाचं व्यावसायिक प्रमाणपत्र कसं करतं, ते एका उदाहरणानं पाहू.

समजा, सुलतानपूरचा एक माजी विद्यार्थी आपल्या कॉलेजला कळवतो, ‘‘आईच्या नावानं दोन लाख देतो. आमच्या गावच्या मुलींना दरवर्षी शिष्यवृत्ती द्या.’’ हे काम न शिकलेला कर्मचारी लगेच पावती फाडेल, मेळाव्यात शाल-श्रीफळ देईल आणि विषय संपवेल. शिकलेला माणूस आधी आकडा मांडतो. दोन लाखांची ठेव साडेसहा टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला तेरा हजार मिळतात. एवढ्यात एका मुलीची सोय होईल, चौघींची नाही. हे देणगीदाराला पैसे घेण्याआधी सांगायचं. मग पुढचा प्रश्न: एखाद्या वर्षी सुलतानपूरची पात्र मुलगीच नसली तर? रक्कम पडून राहणार, की लोणार तालुक्यातल्या दुसऱ्या मुलीला मिळणार? निवड कोण करणार? देणगीदाराच्या नात्यातली मुलगी अर्जदार असली तर तो निवडीपासून दूर राहील ना? हे सगळं एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. दहा वर्षांनी प्राचार्य बदलतात, क्लार्क निवृत्त होतो. तेव्हा देणगीदाराची इच्छा कागदावरच जिवंत असते.

आता पैसा कुठून येतो ते विचारायचं. दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीला आयकरातली देणगीची सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीतल्या पगारदाराला ती मुळातच नाही. तो माणूस अमेरिकेत असेल, पण भारतीय पारपत्रावर, तर त्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. त्यानं तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ठरते. मग संस्थेकडे परकीय देणगी कायद्याची नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. हे आधी न विचारल्यामुळे चांगल्या मनानं पाठवलेला पैसा अडकतो आणि माणूस कायमचा दुरावतो.

निधी संकलनाच्या क्षेत्रातलं जगभर ओळखलं जाणारं प्रमाणपत्र म्हणजे सीएफआरई. १९८१ पासून ते दिलं जातं. नुसत्या परीक्षेवर ते मिळत नाही. गेल्या पाच वर्षांत किमान ३६ महिने निधी संकलनाचं काम केलेलं असावं लागतं, प्रशिक्षणाचे तास गुणांत मोजून दाखवावे लागतात, प्रत्यक्ष काय उभं केलं त्याची नोंद द्यावी लागते. त्यानंतर चार तासांची, दोनशे प्रश्नांची परीक्षा. देणगीदाराचा अभ्यास, देणगी मिळवणं, संबंध जपणं, स्वयंसेवकांचा सहभाग, व्यवस्थापन आणि नीतिनियम असे सहा विषय. दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, म्हणजे एकदा पास होऊन भिंतीवर चौकट लावली की झालं, असं नाही.

माझ्या मते यातला सगळ्यात मोलाचा भाग नीतिनियमांचा आहे. निधी संकलनाच्या व्यवसायानं जगभर मान्य केलेला नियम असा की जमवलेल्या रकमेवर टक्केवारी घ्यायची नाही, पगार घ्यायचा. टक्केवारीवर काम करणारा आजच्या मोठ्या आकड्यामागे धावतो, आणि दरवर्षी पाच हजार देणारा निवृत्त शिक्षक त्याच्या यादीतून गळतो. शिवाय देणगीदाराला आपला पैसा कुठे गेला हे विचारायचा हक्क आहे, हे मान्य करून सही करावी लागते. आपल्याकडे याची फार गरज आहे. प्रवेशाच्या वेळी उकळलेल्या पैशानं देणगीची बदनामी केली; १९८७ साली महाराष्ट्राला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. म्हणून शिकलेला माणूस प्रवेशाच्या हंगामात पालकांच्या दारात जात नाही.

देणगीदाराचा हेतू जपण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये दिले. त्यांच्या आईचं नाव त्या विद्यापीठाला आजही आहे. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रानं नागपूर विद्यापीठाला संपत्ती दिली, आणि त्यातून १९४२ साली तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत तर मूठभर धान्याचाही हिशेब होता. या देणग्या सांभाळणाऱ्यांकडे प्रमाणपत्र नव्हतं, पण त्यांचा शब्द होता. आज देणारा हजार किलोमीटरवर बसलेला असतो आणि कॉलेजातल्या माणसाला ओळखतही नाही. तिथे प्रमाणपत्र पहिल्या भेटीपुरती ओळख करून देतं. पुढचं काम पावती, पत्र आणि वर्षाच्या हिशेबानंच करायचं.

या प्रमाणपत्राच्या मर्यादाही आहेत. तयारी इंग्रजीतून करावी लागते. आपले आयकराचे, धर्मादाय आयुक्तांचे, कंपन्यांच्या सामाजिक निधीचे नियम त्यात येत नाहीत; ते संस्थेच्या सीएकडे बसूनच शिकावे लागतात. आणि ज्या संस्थेचं लेखापरीक्षण वेळेवर होत नाही, तिला प्रमाणपत्रधारक माणूसही वाचवू शकत नाही.

तेव्हा लोणार-मेहकर भागातल्या कॉलेजांनी लगेच कुणाला परीक्षेला बसवू नये. आधी एका माणसाला पूर्णवेळ हेच काम द्यावं. पाच वर्षांत तीनदा बदली करू नये. त्यानं पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी: कोणाला भेटलो, त्यानं काय म्हटलं, किती दिलं, कशासाठी दिलं, त्याला हिशेब कधी पाठवला. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या पाहणीत माजी विद्यार्थ्यांचा सहभाग आणि निधी उभारणी या दोन्हींची विचारणा होतेच, तिथेही ही वही कामी येईल. तीन वर्षांनी अर्जाला लागणारी बरीचशी माहिती तिच्यात सापडेल. त्या वेळी परीक्षेचं शुल्क मात्र संस्थेनं भरावं, त्या माणसाच्या पगारातून कापू नये.